हेक्टर परत मागणारा बाप

सांगलीच्या शाळेत उल्हास मास्तरांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते ट्रॉयच्या राजपुत्राची, हेक्टरची गोष्ट सांगत. शहर वाचवायला एकटाच वेशीबाहेर उभा राहिलेला हेक्टर. वर्गात त्यांचा हृषिकेशही असे. घरी येऊन तो चिडवायचा, "बाबा, तुमचा हेक्टर दर शनिवारी मरतो. एकदा तरी जिंकवा की त्याला!" मास्तर हसत. हेक्टर पडला की शाळा सुटायची. पुढचं त्यांनी कधी सांगितलंच नाही.

२००६च्या मार्चमध्ये, जर्मनीतल्या नेकारसुल्मला, कामावरून सायकलने घरी येताना हृषिकेशला ट्रकने उडवलं. मास्तर पोचले तेव्हा आठ दिवस उलटले होते. दफनभूमीतल्या हॉलमध्ये फुलं, पियानो, बंद शवपेटी. शेवटी पेटीपुढे पडदा ओढला गेला. पडद्यामागे अग्नी दिला असणार, असं मास्तरांनी धरलं. घरी येऊन अंघोळ केली.

तिसऱ्या दिवशी अस्थी आणायला कोरा तांब्या आणि पांढरं फडकं घेऊन ते सून स्वरूपाबरोबर अंत्यविधीच्या कार्यालयात गेले. टेबलापलीकडच्या बाई तांब्याकडे बघतच राहिल्या. मग हळू आवाजात काही बोलल्या. स्वरूपाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणतायत?"

"बाबा, अजून झालंच नाहीये. परवाचा नुसता निरोपाचा कार्यक्रम होता. दहन पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या गावी."

"म्हणजे तो अजून..."

"थंड खोलीत."

तांब्या हातातून सुटून टेबलावर आपटला. आपण अंघोळ केली. जेवलोसुद्धा. भात मागून घेतला. आणि पोर तिथं तसंच.

"सांग त्यांना, अग्नी मी देणार."

स्वरूपाने विचारलं. "नाही म्हणतात. तिथं घरच्यांना आत घेत नाहीत."

शनिवारी कधीच न सांगितलेलं मास्तरांपुढे उभं राहिलं. हेक्टरचा म्हातारा बाप शत्रूच्या तंबूत गेला होता. मुलाला मारणाऱ्या हातांचे मुके घेऊन त्याने मुलगा परत मागितला होता. इथे तर शत्रूही नव्हता. बोटाला शाई लागलेली एक बाई होती. मास्तर वाकले आणि त्यांनी तिचा हात कपाळाला लावला.

बाई दचकल्या. पण हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी फोन उचलला आणि बराच वेळ बोलत राहिल्या.

"गुरुवारी, नऊ वाजता," स्वरूपा म्हणाली. "एकट्याला आत सोडतील. भट्टीचं बटण तुम्ही दाबायचं."

"बटण?"

"हो बाबा. बटण."

मास्तर आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसले.