इंगा काकू आईशी काय बोलल्या

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अंगात येणं, नजर लागणं वगैरे आईनेच आमच्या घरात कधी शिरू दिलं नाही. त्यात मी टेस्ट इंजिनिअर... पुरावा मागणं हे माझं रोजचं काम.

आम्ही अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहतो. शेजारी इंगा काकू आणि त्यांचा मुलगा एरिक. काकू मूळच्या नॉर्वेतल्या, तळ्याकाठच्या एका छोट्या गावच्या. तिथे कागदाची गिरणी होती, ती आता बंद आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मागच्या वर्षी स्ट्रोक आला आणि काकूंचं इंग्लिश पार पुसलं गेलं. उरली फक्त नॉर्वेजियन, आणि ती एरिकला धड येत नाही.

उन्हाळ्यात नागपूरहून आई आली. ती रोज दुपारी काकूंच्या पोर्चमध्ये जाऊन बसायची. तिला मराठी आणि कामापुरती हिंदी येते, बस्स. दोघी आपापल्या भाषेत गप्पा मारत असतील, असं मी धरून चालले होते.

मग काकूंनी जेवण सोडलं. घास पुढे केला की मान फिरवायच्या. डॉक्टर नळी घालायचं म्हणू लागले. एरिक आमच्या किचनमध्ये येऊन रडला, तेव्हा आई मला म्हणाली, "अगं, त्या भावाची वाट बघताहेत. आंद्रेसची. गिरणीसाठी तळ्यातून लाकडाचे ओंडके वाहून आणायचे ना, त्या कामावर होता तो. भोंगा झाला तरी घरी आला नाही. त्याच्याआधी कशा जेवतील?"

मी एरिकला सांगितलं. "आईला भाऊ नव्हताच," तो म्हणाला. तरी त्याने नॉर्वेतल्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, आंद्रेस ओंडक्यांखाली बुडाला, सापडलाच नाही. वडिलांनी त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही. "तुला कोणी सांगितलं हे?"

आई तोवर काकूंजवळ जाऊन बसली होती. मी मागोमाग गेले, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवून. "आंद्रेस आता येणार नाही, ताई," आई मराठीत म्हणाली. "पुष्कळ वाट पाहिलीत. जेवून घ्या." काकू काहीतरी बोलल्या, आई उत्तरली, असं बराच वेळ चाललं. काकू खूप रडल्या. नंतर आईच्या हातून वाटीभर सूप प्यायल्या.

घरी येताना मी विचारलं, "तुला नॉर्वेजियन कशी कळते?"

आई थांबली. "नॉर्वेजियन कुठली? त्या माझ्याशी मराठीतच बोलतात की."

ऑफिसातल्या एका नॉर्वेजियन कलीगला मी रेकॉर्डिंग ऐकवलं. काकू स्वच्छ नॉर्वेजियन बोलत होत्या — "मग त्याचं ताट उचलायला सांग माझ्या आईला." माझ्या आईच्या प्रत्येक वाक्याला नेमकं उत्तर. आणि तेच रेकॉर्डिंग आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "आवाज त्यांचाच आहे... पण हे काय बोलताहेत?"

काकू आता नीट जेवतात. स्पष्टीकरण मात्र मला आजवर सापडलेलं नाही. ते रेकॉर्डिंग मी कितीदा तरी ऐकलंय. एक बाई मराठी बोलते, दुसरी नॉर्वेजियन, आणि दोघींपैकी कुणीही एकदाही "काय म्हणालात?" असं विचारत नाही.