समुद्रावर शीव लागत नाही

चाकणच्या बाजारात सुक्या मासळीचा खारट वास नाकात शिरला की मला त्या जहाजावरची पहाट आठवते.

कंपनीत एक सुट्टी घेताना दहादा विचार करणाऱ्या आमच्या यांनी अचानक मुंबई-गोवा जहाजाची तिकिटं काढली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कोकणातलं आपलं गाव यांनी मला कधी दाखवलं नव्हतं. "तिकडं दुसरं बिऱ्हाड असंल बघा," असं निघोज्याच्या माझ्या वहिनी हसत म्हणायच्या. मला काही हसू यायचं नाही.

पहाटे जाग आली तर शेजारी हे नव्हते. मी तशीच वर डेकवर गेले. दूर किनारा काळसर दिसत होता, आणि हे चपला बाजूला काढून, गार लोखंडावर अनवाणी, त्या किनाऱ्याला हात जोडून उभे होते.

"तिथं कोण हाय तुमचं?" मी विचारलं.

"गावदेवी," हे मागं न वळता म्हणाले. "नोकरीला जाऊ का, म्हणून तिला कौल लावला होता. तिनं दिला नाही, तरी मी चाकणला आलो. आता कुठल्या तोंडानं तिच्या शिवेत पाय ठेवू? समुद्रावर शीव लागत नाही."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता पटतं, पण संशय गेलेला नाही. तो आता देवीवर आहे. या माणसाला सोडणं तिच्या जिवावर आलं असणार, म्हणूनच तिनं कौल दिला नसणार. मीही दिला नसता.