गोदाचा लंगोट बदलताना

घरात तान्हं मूल असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओल्या लंगोटांसारखे ते आपोआप साचत जातात. आमच्या त्या वेळच्या शेजाऱ्यांपैकी आजही कुणी भेटलं, की चहा येईपर्यंत विषय ठरलेला असतो: गोदाचा लंगोट! गोदा आता स्वतः आई झालीय, तिच्या लेकराला बाजारातले डायपर आहेत, आणि हा विषय निघाला की ती चिडते. तरी आम्ही सांगतोच.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नवी ऑफिसं उघडली आणि ठिकठिकाणाहून बदलून आलेल्या माणसांना राहायला खोल्या पुरेनात. मी एका ऑफिसात टायपिस्ट होते. नवरा नांदेडला पाटबंधारे खात्यात, तो रविवारी यायचा. शिवअप्पा नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याची एक ओळ होती खोल्यांची, त्यातली एक आम्हाला मिळाली. त्यात पावसानं पाठ फिरवली. टँकर आला तर पाणी, नाहीतर घागरी पालथ्या. अशा दिवसांत मला मुलगी झाली आणि सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं गोदावरी. आमच्या घरात तेवढी एकच वाहत होती.

गोदा गुणाची होती. पोटभर खायची, झोपायची, कुणाकडेही जायची. फक्त लंगोट सोडला की तिच्या अंगात यायचं. नाडी सुटायचा अवकाश, ती पालथी पडून उघडीच रांगत सुटायची आणि जाता जाता गोधडी, सतरंजी, कधी भाकरीची टोपली, सगळ्यांना प्रसाद! धरून ठेवलं तर अशी किंचाळायची की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. आता लंगोट तांब्याभर पाण्यात निघतो, पण गोधडीला घागर लागते.

सासूबाई नातीला सांभाळायला हिमायतनगरहून आल्या होत्या. तिसरी गोधडी भिजली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आमच्याकडं हिरीला पाणी हाय. लेकराला मी गावाकडं घिऊन जाते. पाऊस पडला की आणून सोडते. तू कर नोकरी." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून तर मला भांडताही येईना. मामंजींनी महिनाअखेरीस न्यायला यायचं ठरलं. पाऊस पडेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे त्या वर्षी कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी हे शेजारच्या रझियाआपांजवळ बोलले. दुपारपर्यंत ओळीला कळलं, आणि ओळीनं माझ्या आधी ठरवून टाकलं की गोदा कुठं जायची नाही. म्हणजे गोधडी भिजायची नाही. म्हणजे लंगोट बदलताना जो समोर असेल त्यानं तिला रमवायचं!

*

पहिला मान रझियाआपांचा. त्यांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. त्या गोदाच्या तोंडावर हात नाचवायच्या आणि ती टकामका बघत उताणी पडून राहायची. तेवढ्यात सासूबाई खालचं काम उरकून घ्यायच्या. चार दिवस हे इतकं झकास चाललं की गोदाला रझियाआपांशिवाय लंगोट म्हणून चालेना. मग काय, "आपा, सुटला हो!" अशी हाक गेली की त्या हातातलं टाकून धावायच्या. एकदा तर कणकेच्या हातानं आल्या आणि गोदानं ती कणीक चाटून साफ केली.

त्यांचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, अबोल माणूस. एक दिवस तो दारात उभा राहून माझ्या सासूबाईंना म्हणाला, "खाला, मैं बुलाया तो सुनती नै. उस बच्ची का लंगोट खुला की दौडती!"

*

पलीकडच्या खोलीत आमच्याच ऑफिसातले भाऊसाहेब राहायचे. अव्वल कारकून. जुन्या जिल्ह्यातून फायलींबरोबर आलेले आणि फायलींसारखेच बांधलेले. घरी आणलेलं काम गोदाच्या किंकाळ्यांमुळं होत नाही, अशी तक्रार घेऊन एका सकाळी ते आले. हातात अर्धवट लिहिलेलं टिपण होतं. सासूबाईंचा विश्वास बसेना म्हणून पुरावा म्हणून त्यांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं, आपल्या ठेवणीतल्या नाकातल्या आवाजात. "उपरोक्त विषयास अनुसरून..."

गोदा जिथल्या तिथं थांबली. तोंड उघडं, नजर भाऊसाहेबांच्या नाकावर. "सबब" आला तेव्हा ती खुदकन हसली. सासूबाईंनी शांतपणे जुना लंगोट काढला, नवा बांधला, नाडी आवळली. टिपण संपेपर्यंत पोर हलली नाही.

भाऊसाहेब गहिवरले. घडी घालून टिपण खिशात ठेवत ते म्हणाले, "इतक्या वर्षांत माझं टिपण शेवटपर्यंत ऐकणारी ही पहिलीच!" त्यानंतर ते घरी काम आणायला लागले ते मुद्दाम.

*

शिवअप्पांचं तर विचारूच नका. घरमालक, त्यामुळं भाड्याला आले की उंबऱ्याबाहेरूनच बोलणार, असा त्यांचा रिवाज. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. एकदा ते आले तेव्हा लंगोट नेमका सुटलेला आणि रझियाआपा बाजारात. सासूबाईंनी त्यांनाच आत बोलावलं. अप्पा बिचारे वाकून "हंऽऽ, हंऽऽ" करायला लागले आणि त्यांच्या सदऱ्यातून ती डबी बाहेर लोंबली. गोदानं ती गच्च धरली.

लंगोट झाला, पण डबी सुटेना. अप्पांना ओढूनही घेववेना, कारण ते लिंग म्हणजे त्यांचा देवच. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी. सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी, शिवाय घरमालक! मी पुन्हा पुन्हा माफी मागू लागले. अप्पा वाकलेलेच. पेढीवरचा गुमास्ता बोलवायला आला, त्यालाही त्यांनी हातानंच परत लावलं. शेवटी गोदाला झोप लागली तेव्हा मूठ सुटली.

कंबर धरत सरळ होऊन अप्पा म्हणाले, "माफी कशाची, बाई? आमच्यात लेकराच्या गळ्यात आपन बांधतो. हिनं तर सवताहून धरलं की!" भाड्याची गोष्ट त्या महिन्यात ते विसरले, आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

*

आमचा नवरा रविवारी यायचा तो पांढराशुभ्र शर्ट घालून. एका रविवारी तो म्हणाला की इतक्या लोकांना जमतं तर बापाला का जमू नये. त्यानं बाह्या सावरल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं. आतून शीळ ऐकू आली, मग मांजराचा आवाज, मग कोंबड्याचा. मग एकदम शांतता.

दार उघडलं तेव्हा शर्ट पुढून पार भिजलेला होता आणि गोदा खुशीत होती. ओळ सगळी दारात जमलेली. सासूबाईंनी लेकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "एवढाले बंधारे बांधून राहिला म्हनतोस, अन् हे एवढंसं अडवता येईना व्हय?"

*

महिनाअखेर आली आणि मामंजी आले.

मामंजी म्हणजे शेतावरून आले की ओसरी रिकामी होणारा माणूस. पाच लेकरं झाली, पण चालायला लागेपर्यंत त्यांनी एकालाही उचललं नव्हतं, असं सासूबाई सांगायच्या. दुपारच्या एसटीनं गोदाला न्यायचं होतं. गोधड्या आता कमी भिजत होत्या, पण ठरलेलं मोडा असं त्यांना सांगायला ओळीतलं कुणी धजेना. मी सकाळी ऑफिसला गेले खरी, पण मशीनवर बोटं चालेनात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत घरी आले.

बघते तर टँकर आलेला. सगळी ओळ घागरी घेऊन तिथं, सासूबाईसुद्धा. लेकरू कुठं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या निजलीय, मामंजींपाशी आहे. पण तेवढ्यात खोलीतून गोदाच्या हसण्याचा आवाज आला. सासूबाईंनी भरल्या घागरी तशाच टाकल्या, आम्ही दोघी धावलो आणि दारात थबकलो.

मामंजी भुईवर मांडी घालून बसलेले. गोदा पुढ्यात उताणी, कमरेखाली उघडी. मामंजींच्या पटक्याचा शेव, ते लोंबतं टोक, तिच्या मुठीत होता. ती ओढायची, तसं मामंजी डोकं गरगर फिरवायचे आणि एकेक वेढा सुटून तिच्या अंगावर पडायचा. दर वेढ्याला ती खिदळायची. दोरीवरचे लंगोट सगळे ओले. शेवटचा वेढा पडला, तसं मामंजींनी पटक्याच्या दुसऱ्या टोकाची पट्टी दातानं फाडली आणि धोतराला मारावी तशी गाठ मारून तिला बांधली. सासऱ्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी पदर सावरून मागं सरले.

सासूबाई कशाबशा म्हणाल्या, "अवं, पटका हाय त्यो!"

"ठाव हाय," मामंजी म्हणाले, आणि दुसरी पट्टी फाडली. "काहून पान्याच्या नावानं रडून राहिल्या तुमी? पानी न्हाई, फडके कमी पडून राहिलेत. हे ढीगभर ठिवा, टँकर आला की एकदम धुवा." धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला तो पटका त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळा फाडला. दुपारची एसटी केव्हाच गेली होती. तिची आठवण कुणी काढली नाही. मी चुलीपुढं बसून पोटभर रडून घेतलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच निघाले. नवऱ्याची टोपी देऊ केली, ती त्यांच्या डोक्याला बसेना.

पुढचं मला गावाकडच्या जाऊबाईंनी सांगितलं. आमच्याकडं घरात कुणी वारलं की पुरुषमाणूस डोईचं उतरवतो. मामंजी हिमायतनगरला उघड्या डोक्यानं एसटीतून उतरले तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. काही न बोलता ती त्यांच्या मागं चालू लागली. गल्लीत शिरेपर्यंत पंधरावीस जण झाले. घरी जाऊबाईंनी दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला, शेजारणी धावल्या, एकीनं तर सूरही धरला. मामंजींना काही कळेना. शेवटी त्यांच्या थोरल्या चुलतभावानं पुढं होऊन हात धरला आणि हळूच विचारलं, कोण गेलं?

मामंजींनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग डोक्यावरून हात फिरवला.

"समदे खुशाल हायती," ते म्हणाले. "पटका नातीनं ठिवून घेतला."