बुडालेल्या घरांची नावं

शिपायानं माझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं आणि शहरातून आलेल्या पाहुणीच्या हातात दिलं. मला म्हणाला, "मावशी, मागं सरका. फोटूत येतायसा."

धरण भरलं होतं. पाण्याची पहिली ओटी भरायचा मान आमच्या गावचा, कारण जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. ओटी भरताना पाण्यात गेलेल्या घरांची नावं घ्यायची, अशी आमची रीत. यंदा तो मान माझा होता. सकाळी टँकर आलाच नाही. शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून तोंड धुतलं आणि ठेवणीतलं पातळ नेसून मी पाण्याची पूजा करायला आले.

पाहुणी म्हणजे माझी मावसबहीण सिंधू, आता शहराची नगरसेविका. लहानपणी कपिलधारच्या धबधब्याला आम्ही दोघी एकाच धारेखाली उभ्या राहायचो.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. ती पाइप लावून अंगण धूत होती. आमच्या धरणाचं पाणी. ते पाइपलाइननं आमच्या शिवारातूनच जातं, पण आमच्यासाठी थांबत नाही. खोटं कशाला बोलू, मी जळले. तिच्या नळावर जळले, तिच्या मऊ टाचांवर जळले. हिचा नळ आटावा असंही मनात आलं. पूर्वी तीसुद्धा घागरीसाठी रांगेत भांडायची, हे मी डोळ्यानं पाहिलंय. तिची तहान खोटी नव्हती. तरी जळले.

आता ती माझं ताट घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती. खण, नारळ, तांदूळ, सगळं माझ्या घरचं. पण नावं तिला येत नव्हती. धरणाचे साहेब माझ्याकडे वळले.

"मावशी, ती नावं तेवढी सांगा. दुसऱ्या पाइपलाइनचा नारळ फोडायचाय, उशीर होतोय."

जिभेवर सासऱ्यांच्या बुडालेल्या घराचं नाव आलं होतं. मी ते गिळलं.

"ताट घेतलंत. नावं न्हाई मिळायची."

सिंधू हळूच म्हणाली, "अक्के, असं करू नगं. पाणी समद्यांचंच हाय की."

"मग समद्यांच्या घरी येऊ दी."

माझ्या मागच्या बायकांनी डोक्यावरचे कलश खाली ठेवले. नावं न घेताच सिंधूनं नारळ पाण्यात सोडला.

सिंधूचा नळ मला तोडायचा नाही. प्यावं तिनं. मी मात्र अजून जळते, आणि माझ्या दारात धार पडेपर्यंत जळणार. हे जळणं आता मी लपवत नाही. दुसऱ्या पाइपलाइनचा चर माझ्या रानातून जायचाय. मशीन येईल तेव्हा मी बांधावर बसलेली असेन. आधी आमच्या वस्तीला नळ. त्याआधी माझ्या मातीत कुदळ पडणार नाही.