थर्ड बेसजवळची वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी, गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. "शुभा, गेली गं ती..." एवढंच तो म्हणाला. हातातली उशीची खोळ उन्हाने तापली होती, इतकंच मला त्या दुपारचं नीट आठवतं. डोळ्यांपुढे आली ती आदल्या आठवड्यातली वहिनी. कल्याणच्या हॉस्पिटलात, औषधांच्या गुंगीत, डोळे मिटलेले. पण उजवा हात चालू होता. कानाची पाळी, मग नाकाचा शेंडा, मग डावं कोपर... नर्सला वाटलं, अंगाला खाज सुटलीय. मला मात्र कळलं. वहिनी कुठल्या तरी मुलीला खूण करत होती, बंट कर म्हणून.

मालतीवहिनी मोहन्यातल्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळायची आणि सकाळी मैदानावर मुलींना सॉफ्टबॉल शिकवायची. कॉलेजात ती स्वतः खेळलेली. लग्नानंतर चारेक वर्षांनी तिने आईला सांगून टाकलं, "उद्यापासून सकाळचा दीड तास माझा." आईने मला तिच्या मागे धाडलं, "जा, बघ तरी काय करते." मी बघायला म्हणून गेले आणि मग स्कोअर लिहायला जातच राहिले. थंडीत नदीकडून इतकं धुकं यायचं की होमवरून सेकंड बेस दिसायचा नाही. मुली धावत धुक्यात शिरायच्या, नाहीशा व्हायच्या, आणि थोड्या वेळाने थर्ड बेसच्या बाजूने, वहिनीच्या हाकेच्या दिशेने, केसांवर दव घेऊन बाहेर यायच्या. ते दृश्य मला अजून स्वप्नात दिसतं. स्वप्नात कधी कधी त्या बाहेर यायला फार वेळ लावतात.

तिच्या मुली बारक्या, हडकुळ्या. चेंडू लांब टोलवणं त्यांच्या मनगटात नव्हतं. म्हणून वहिनीने त्यांना बंट शिकवला. बॅट आडवी धरायची, चेंडू हलकेच पायांपुढे पाडायचा आणि समोरच्या टीममधलं कुणी तो उचलायला येईतो बेस गाठायचा. मुली बॅट पुढे ढकलायच्या, चेंडू टणकन उडायचा. "अगं, ढकलू नकोस," वहिनी म्हणायची, "दमून आलेल्या माणसाच्या हातातली पिशवी आपण कशी घेतो? तशी घे." आणि चेंडू खरंच निमूट पडायचा. पळण्याच्या बाबतीत मात्र ती अजिबात हळवी नव्हती. थर्ड बेसजवळ उभी राहून ओरडायची, "मागे बघू नकोस! चेंडू कुठाय ते मी बघते. तू माझ्याकडे बघ!"

पल्लवी तिच्याकडेच बघून पळायची. रिक्षावाल्याची मुलगी, तेरा वर्षांची, डोळे कायम अर्धवट झोपेतले, पण पाय सुटले की सुटले. ठाण्यातल्या एका सामन्यात वहिनीने तिला धाव पूर्ण करायला थर्डवरून होमकडे सोडलं. कॅचर चेंडू घेऊन वाटेतच आली, दोघी धडकल्या आणि पल्लवी खांद्यावर आपटली. खांद्याजवळचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी तिचे वडील आमच्या दारात येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुमची पोरगी असती तर सोडली असती का अशी?" वहिनीला मूल नव्हतं. त्यांना ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे. धाव निघत नव्हती, तरी मी सोडलं." पुढचे सहा आठवडे शाळा सुटली की ती पल्लवीच्या घरी जायची. पल्लवीची आई दिवसभर कामावर असायची, म्हणून तिच्या वेण्या घालायची, अभ्यास लिहून द्यायची. वडील आधी तिच्याशी बोलत नव्हते. मग एक दिवस म्हणे त्यांनीच चहा ठेवला.

पल्लवी परत आली. पुढच्या वर्षी पुन्हा ठाणे, पुन्हा अटीतटी, पुन्हा ती थर्डवर. सकाळी निघताना मीच वहिनीला म्हटलं होतं, "पल्लवीला जप हं." आमच्या बॅटवरच्या मुलीने सुरेख बंट केला. होम मोकळं होतं, मला स्कोअरच्या टेबलावरूनही दिसत होतं. वहिनीने दोन्ही हात वर केले. थांब. पल्लवी निम्म्यातून मागे फिरली, आणि आम्ही एका धावेने हरलो. सगळ्या मुली बाटल्या भरायला गेल्यावर ती वहिनीपाशी आली. "ताई, मी पोचले असते."

"हो."

"मग?"

"मला भीती वाटली गं."

पल्लवीने थोडा विचार केला. "पण मला नव्हती वाटली," म्हणाली आणि बाटली भरायला गेली. वहिनी तिथेच मातीत बसली आणि रडली. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी जवळ बसले, पण सकाळचं माझं वाक्य मागे घेता येईना. ती ते मला कधीच बोलून दाखवणार नव्हती...

त्यानंतरच्या वर्षी तिने पल्लवीला होमकडे सोडलं. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच संधीला. पायांनी घसरत ती होममध्ये शिरली, धुरळा उठला, आणि अंपायरचा हात आऊटसाठी वर गेला. जेमतेम बोटभराने हुकली. धुरळा खाली बसला तेव्हा पल्लवी पाठीवर पडून खदखदा हसत होती आणि थर्ड बेसजवळ वहिनी टाळ्या वाजवत होती. प्रेक्षकांत तिचे वडीलही उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते. शेजारच्याने त्यांना सांगितलं, "अहो, आऊट आहे ती." ते म्हणाले, "बघितलं मी."

गेल्या रविवारी दादाकडे गेले. त्यांच्या बिल्डिंगचं बाहेरून रंगकाम काढलंय. परांचीवर उभा रंगारी गॅलरीपर्यंत पोचला होता. गॅलरीच्या कठड्याची एक कड झिजून खोलगट झालीय, भेगांत लाल माती घट्ट बसलीय. मैदानावरून आली की वहिनी त्या कडेवर बूट आपटून माती झाडायची, रोज, इतकी वर्षं. रंगाऱ्याने पत्र्याच्या पट्टीने ती माती खरवडायला हात पुढे केला.

"तेवढं राहू द्या," दादा आतून म्हणाला.

"काका, डाग दिसेल ना."

दादा उठून बाहेर आला आणि त्या कडेवर तळवा ठेवून उभा राहिला.

"दिसू दे."