शर्यतीत उतरलेले चाचा

सौदीतल्या धाहरानमध्ये आमच्या गाड्या दुरुस्त करणारे चाचा रत्नागिरीचे. बोलणं कमी. डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि नेमका बिघाड सांगायचे.

एका शुक्रवारी मी त्यांना छोट्या लंबगोल ट्रॅकवरची मोटारींची शर्यत बघायला नेलं. तिसऱ्या फेरीला ते ताडकन उठले. "त्या लाल गाडीचं चाक सुटतंय!"

मी हसलो. तोवर ते कठडा ओलांडून धावत्या गाड्यांसमोर हात पसरून उभे! मी किंचाळलो. बाकीच्या गाड्या कशाबशा वळल्या. लाल गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि तिचं पुढचं चाक निखळून पडलं.

सौदी ड्रायव्हर शिव्या देतच उतरला. चाक बघून मटकन बसला आणि रडू लागला.

मी धावत तिथे पोहोचलो. चाचा मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवत मराठीतच म्हणत होते, "रडू नको रे, आता घरी जाशील ना."