क्रूझच्या केबिनमध्ये निरांजन चालतं का?

आई पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा क्रूझला निघाली आहे. अमेरिकेतली ताई तिला कॅरिबियन बेटांवर नेणार आहे.

आज चेन्नईतल्या मैलापूरच्या घरी तिची बॅग आवरत होते. शाकाहारी जेवण मिळतं, बोट लागली तर गोळी घ्यायची, सगळं सांगून झालं होतं. तेवढ्यात साड्यांखाली निरांजन, वाती आणि तेलाची बाटली सापडली.

"आई, बोटीवर काहीही पेटवायला मनाई असते गं."

ती पलंगावर बसलीच. "मग मी जात नाही. तुझे बाबा गेल्यापासून त्यांच्या फोटोपुढचा संध्याकाळचा दिवा चुकला नाहीये."

दही द्यायला आलेल्या शेजारच्या मामींनी ते ऐकलं. तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, "किल्ली दे. मी लावेन."

आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मामी दिवा लावतील तेव्हा तिकडे काय वेळ असेल?"

"सकाळ. नाश्त्याची."

"आणि आपलं घर कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला. पण बोट सारखी वळते, तुला दिशा कशी कळणार?"

"सकाळ आहे ना? सूर्याकडे बघून हात जोडीन."

क्रूझला जाऊन आलेल्यांनो, सकाळी डेकवर उन्हाच्या बाजूला निवांत उभं राहायला जागा मिळते ना?